जुन्या घरावर नवा मजला: ठेकेदारावर कुठे विसंबावं, कुठे नाही

घर वाढवायला काढलं की जो तो विचारतो, "ठेकेदार विश्वासातला आहे ना?" पण सज्जन ठेकेदारही एकाच वेळी तीन-चार साइट सांभाळत असतो, आणि तुमच्या स्लॅबच्या दिवशी मिक्सरमध्ये पाणी ओतणारा असतो बिगारी. त्यामुळे विश्वास माणूस बघून नव्हे, काम बघून ठेवावा. टाइल वर-खाली बसली, दार घासलं, तर ते डोळ्यांना दिसतं आणि दुरुस्तही होतं. तिथे त्याच्या मागे लागू नका. पाया, सळई आणि काँक्रीट मात्र एकदा झाकलं की संपलं. ते झाकण्याआधी इंजिनिअर तपासेल आणि त्याने हो म्हटल्याशिवाय माल पडणार नाही, हे करारातच लिहून घ्या.

जुनं घर वरचा मजला पेलेल का, हा प्रश्न ठेकेदाराला विचारूच नये. "जुनं काम दणकट असतं हो" हे उत्तर ठरलेलं असतं. स्ट्रक्चरल इंजिनिअर पायाशेजारी खड्डा घेऊन फुटिंगची (कॉलमखालच्या पायाच्या रुंद भागाची) रुंदी, खोली आणि खालची माती बघतो, कॉलमवर रिबाउंड हॅमर (काँक्रीटच्या मजबुतीचा अंदाज देणारं उपकरण) लावतो, तेव्हा कुठे उत्तर मिळतं. बांधकाम परवाना आणि शिल्लक एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं, ती मर्यादा) हेही याच टप्प्यावर बघून घ्या.

महाराष्ट्रात बऱ्याच गच्च्यांवर पुढच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया सोडलेल्या दिसतात. खरी गोम तिथेच असते. पावसाचं पाणी सळईच्या बुडाशी साचतं, म्हणून सळई वर ठीक दिसली तरी काँक्रीटमधून बाहेर येते तिथे खंगलेली असते. तारेच्या ब्रशने गंज काढून नेमक्या त्या जागी कॅलिपरने जाडी मोजा. 16 मिमीची सळई 13-14 मिमी भरली तर तिला नुसतं गंजरोधक फासून भागत नाही. भोवतीचं काँक्रीट फोडून खाली चांगली सळई मिळेपर्यंत जावं लागतं, किंवा भोक पाडून केमिकल अँकरिंगने, म्हणजे चिकट रसायन भरून, नवी सळई बसवावी लागते. अँकरिंगमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे भोकातली धूळ तशीच राहते. ब्रश आणि पंपाने भोक साफ केल्याशिवाय केमिकल भरलं तर ते धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही. लॅप, म्हणजे जुन्या आणि नव्या सळईची एकमेकींवर येणारी लांबी, सळईच्या व्यासाच्या साधारण 50 पट लागतो, म्हणजे 16 मिमीला 800 मिमी. सोडलेलं टोक फूटभरच असेल तर फिटर "वेल्डिंग मारू" म्हणतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लिहून दिल्याशिवाय ते होऊ देऊ नका.

बाजूला खोली काढत असाल तर त्रास वेगळा. जुना पाया बसून स्थिरावलेला, नवा अजून बसायचा; त्यात काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. नवी भिंत जुन्या भिंतीत दात काढून जोडली की सांध्यावर तडा जवळजवळ ठरलेलाच. 25 मिमीचा सांधा ठेवून दोन्ही बांधकामं वेगळी उभी करणं बरं. आणि जुन्या फुटिंगच्या तळाखाली एका दमात चर खणू देऊ नका, जुन्या पायाखालची मातीच सरकते.

आता स्लॅब. 10 बाय 12 फुटांची खोली आणि 5 इंच जाडी धरली तर काँक्रीट होतं 50 घनफूट. एम-20 दर्जाच्या काँक्रीटला, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी 1:1.5:3 या प्रमाणात, बीम सोडून, सिमेंटच्या 11-12 गोण्या, वाळू किंवा क्रश सँड पाव ब्रासच्या (ब्रास म्हणजे 100 घनफूट) आत, खडी अर्ध्या ब्रासच्या आत. आठ गोण्यांत स्लॅब उरकला तर जाडी किंवा सिमेंट, काहीतरी खाल्लं गेलंय. माप घमेल्याने नको, एक घमेलं शिगोशीग तर दुसरं निम्मं. 30 × 30 × 39 सेंमीचा फरमा करून घ्या. त्यात एका गोणीएवढा, म्हणजे 35 लिटर माल बसतो. ओली वाळू फुगते, तेवढी वाढ मापात धरावी लागते. पाणी गोणीमागे जास्तीत जास्त 30 लिटर, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल पसरायला सोपा जावा म्हणून कामगार पाणी वाढवतात; ते जादा पाणी उडून गेलं की छिद्रं उरतात, आणि पुढे गळती तिथूनच होते.

ओतण्याआधी अर्धा तास सेंट्रिंगवर (स्लॅबच्या साच्यावर) चढा. स्लॅबखाली 20 मिमीचे कव्हर ब्लॉक (सळई आणि साचा यांत अंतर ठेवणारे ठोकळे) आहेत का? खडीचे तुकडे सरकवलेले चालत नाहीत. कॉलमला कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, 40 मिमी. कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांचे हूक 135 अंशात आत वळलेले हवेत. 90 अंशांवर सोडलेली रिंग भूकंपात उघडते. गॅलरीच्या छज्ज्याची मुख्य सळई वरच्या बाजूला असते आणि माल टाकताना पायाखाली दबून खाली जाते. बाकी काही बघायला जमलं नाही तरी एवढं बघाच.

सेंट्रिंगचं भाडं चढत असतं, म्हणून ठेकेदाराला ते काढायची घाई असते. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला 4.5 मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू 7 दिवस, त्यापुढे 14. बीमचे 6 मीटरपर्यंत 14, त्यापुढे 21. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला थोडे जास्त द्या, आणि त्याच्या स्लॅबवर निदान 10 दिवस वाफे करून पाणी साठवा.

पैसे तारखेवर नको, टप्प्यावर द्या: जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा. कामाचा दर स्लॅबच्या क्षेत्रफळावर की बांधीव क्षेत्रावर, छज्जे आणि जिना त्यात धरले की वेगळे, हे आधी लिहा. बहुतेक भांडणं इथेच होतात. स्वतःच्या प्लॉटवरच्या अशा वाढीव कामाला महारेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांवरचं राज्याचं प्राधिकरण) लागू होत नाही, पण ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये घरबांधणी ही सेवा धरलेली आहे, त्यामुळे सही केलेला करार आणि बँकेतून दिलेले पैसे ग्राहक आयोगात कामी येतात. 5 टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा, आणि तेही आधीच ठरवा. गिलाव्याआधी गच्चीवर दोन इंच पाणी 48 तास तुंबवा आणि जुना स्लॅब नव्या भिंतीला भिडतो त्या कोपऱ्यात खालून हात फिरवा. ओल आली तर तिथूनच येते.