पॅरिसमध्ये पावाने ताट पुसलं

गुरुवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी आम्ही त्या बिस्त्रोच्या, म्हणजे छोट्याशा साध्या रेस्टॉरंटच्या, दारात उभे होतो आणि आत लोक जेवत होते, म्हणजे मस्त हसतखेळत जेवत होते, आणि वेटर आम्हाला सांगत होता की किचन बंद झालंय. आता संध्याकाळी साडेसातला या. साडेसात!! स्टुटगार्टहून येणारी गाडी लेट, त्यात बॅगा टाकायला हॉटेलवर गेलो, पोटात सकाळची एक कॉफी. नवरा म्हणाला, "अगं, स्टेशनजवळ ते पासाज ब्रादी होतं ना, सगळी इंडियन रेस्टॉरंट्स, तिथे दिलं असतं आपल्याला." मी म्हटलं, पॅरिसला येऊन पनीर खायचं असेल तर तू जा एकटा. शेवटी बेकरीतून चीज घातलेला बगेट, म्हणजे तो लांबडा फ्रेंच पाव, घेऊन बास्तीयजवळच्या कुले वेर्तवर बाकावर बसून खाल्ला. जुन्या रेल्वे लाइनवर केलेली बाग आहे ही, १९९३ पासूनची, पावणेपाच किलोमीटर लांब. छान आहे, पण भांडणानंतर कुठलीच बाग छान वाटत नाही.

हा सगळा घाट माझाच. मला ते झुंबरवालं, पांढऱ्या टेबलक्लॉथवालं पॅरिस नको होतं, नवे बिस्त्रो हवे होते. १९९२ मध्ये ईव्ह कॅम्देबोर्द नावाच्या शेफने बड्या हॉटेलचं किचन सोडून चौदाव्या आरोंदिसमाँत, म्हणजे वॉर्डच म्हणा ना, साधंसं बिस्त्रो काढलं. स्वयंपाक मोठ्या हॉटेलच्या तोडीचा, भाव मात्र परवडणारे. पुढे त्याला बिस्त्रोनॉमी असं नाव पडलं. मेन्यूकार्ड बऱ्याच ठिकाणी नसतंच, फळ्यावर खडूने चारदोन पदार्थ, तेही बाजारात काय मिळालं त्यावर.

शुक्रवारी मात्र बाराच्या ठोक्याला हजर. रू द शारोनच्या आतल्या गल्लीत, वीसेक खुर्च्या, शेजारच्याच्या कोपराला कोपर लागेल एवढी जागा (दादरच्या जुन्या खानावळी आठवा). आदल्या रात्री आम्ही बाटलीतल्या पाण्याचे सात युरो देऊन बसलो होतो, त्यामुळे आज मी पाठ करून आले होते, "यून काराफ दो, सिल व्हू प्ले." नळाच्या पाण्याचा जग आला, फुकट. जेवणाबरोबर पाव आणि पाणी द्यायचंच असा तिथे १९६७ पासूनचा नियम आहे म्हणे, आणि आम्ही शहाण्यासारखे पैसे मोजतोय.

आधी सेलेरीच्या कंदाची रेमूलाद आली. किसलेला कंद, मोहरीवालं मेयोनीज. मोहरी फेसून केलेल्या काकडीच्या कोशिंबिरीची लांबची बहीण. मग मासा आला, बर ब्लांमध्ये. पांढरी वाइन, व्हिनेगर आणि बारीक चिरलेला छोटा कांदा आटवून त्यात थंड बटर थोडं थोडं फेटत जायचं, बस, एवढाच तो सॉस. आंबट, लोण्यासारखा, आणि मासा संपला तरी ताटात निम्मा उरलेला. मी चमचा शोधला, चमचा नाही. काट्याने खरवडून पाहिलं. आजीचा आवाज डोक्यात, पानात टाकायचं नाही. आणि इथे फ्रेंच लोकांसमोर ताट पुसायचं? नवरा डोळे वटारून बघतोय.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे आजोबा, कोट, मफलर, एकदम टापटीप, त्यांनी पावाचा तुकडा तोडला आणि ताटात असा गोल फिरवला की ताट घासायचीच गरज नाही. माझ्याकडे बघून त्यांनी पावाची टोपली इकडे सरकवली. एक शब्द नाही. मी तीन तुकडे संपवले. वेटरने न विचारता टोपली परत भरली. कालच्या वेटरला मी मनातल्या मनात माफ केलं, पूर्ण नाही, पण बऱ्यापैकी.

बाकी "हिडन जेम्स" म्हणून ज्या दोन जागा सेव्ह करून नेल्या होत्या तिथे फुटपाथभर रांग होती, फोटो काढायला. आम्ही गेलोच नाही.

शनिवारी परत त्याच बिस्त्रोत जायचं म्हणून बाराला पोचलो तर शटर खाली. यातले बरेच बिस्त्रो शनिवार-रविवार बंदच असतात, त्यांनाही वीकएंड असतो, हे मला आधी कुणी सांगायचं? दारावर चिठ्ठी होती, सोमवारी दुपारी भेटू. सोमवारी मला नऊ वाजता ऑफिसची मीटिंग. नवरा शांतपणे म्हणाला, "ब्रादी?"

गेलो. दाल बरी होती.