एथिक्स कमिटीची परवानगी: माझा अनुभव

मी तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तास संपताना पाच मिनिटांची, बिनगुणांची चाचणी घेतली तर मुलांच्या लक्षात जास्त राहतं का आणि परीक्षेचा ताण थोडा हलका होतो का, एवढंच मला पाहायचं होतं. प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. ताणाचं काय होतं, हा प्रश्न माझा होता.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, ग्रुपवर गुगल फॉर्म टाका की. त्यात परवानगी कसली?" कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फायलींसाठी आपण वर्षभर तेच करतो म्हणा, तेही ईमेल आयडीसकट. पण संशोधन म्हणून छापायचं तर जर्नल एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्यांवर अन्याय होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीच्या, मंजुरीचं पत्र मागतं. आमच्याकडे कमिटी नाही. शेवटी जिल्ह्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या कमिटीने अर्ज घ्यायचं कबूल केलं.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. प्रस्ताव, मराठीतलं माहितीपत्रक, संमतीपत्र, प्रश्नावली, प्राचार्यांचं पत्र, बायोडेटा, आणि या सगळ्याच्या ढीगभर झेरॉक्स. एक गोष्ट आधीच ठरवलेली बरी. पहिल्या वर्षाला बरीच मुलं सतरा वर्षांची असतात आणि त्यांच्यासाठी पालकांची संमती लागते. म्हणून मी थेट दुसरं वर्ष घेतलं.

खरी परीक्षा बैठकीत झाली. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा कमिटीत डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो, आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा. आमच्या बैठकीतल्या सामान्य नागरिक म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. डॉक्टर मंडळी नमुना-संख्येवर, म्हणजे अभ्यासात किती मुलं घ्यावीत यावर, बोलत होती. त्यांचं आवरल्यावर बाईंनी विचारलं, "इंटर्नलचे गुण तुमच्याच हातात. मग तुमच्या वर्गातलं पोर तुम्हाला नाही कसं म्हणेल?"

मी म्हटलं, संमतीपत्रात 'सहभाग ऐच्छिक आहे' असं लिहिलंय. त्या नुसत्या हसल्या. तीस वर्षं वर्गात काढलेल्या माणसाला हे उत्तर पुरणार नव्हतंच. मग तिथेच बसून तोडगा काढला. माहिती सांगणं आणि फॉर्म गोळा करणं दुसऱ्या विभागाच्या मॅडमनी करायचं, तेव्हा मी वर्गात थांबायचं नाही. फॉर्म सगळ्यांनीच परत द्यायचा, भरलेला किंवा कोरा, घडी घालून एकाच खोक्यात. आणि इंटर्नलचे गुण विद्यापीठाकडे गेल्याशिवाय एकही फॉर्म मला दिसायचा नाही.

दुसरा प्रश्न मानसोपचारतज्ज्ञांचा. मूळ प्रस्तावात नैराश्य तपासणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली होती. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. डॉक्टर म्हणाले, "एखाद्याने इथे 'जवळजवळ रोज' अशी खूण केली आणि तुमचे फॉर्म सहा महिने कपाटात राहिले, तर?"

दोन्ही प्रश्न एकमेकांच्या विरुद्ध ओढत होते. नाव नसेल तर मूल मोकळेपणाने लिहितं, पण ते संकटात असेल तर त्याच्यापर्यंत पोचणार कसं? या एका गाठीपायी प्रस्ताव परत आला आणि स्टाफरूममध्ये आम्ही बरेच दिवस त्यावर डोकं खाजवलं.

शेवटी तिच्याऐवजी डब्ल्यूएचओ-५ ही जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली घेतली. पाचच विधानं, सगळी गेल्या दोन आठवड्यांबद्दलची आणि सगळी चांगल्या बाजूची: मन प्रसन्न होतं, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं, अशी. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेला चारने गुणायचं म्हणजे शंभरपैकी आकडा येतो. पन्नासच्या खाली आला तर पुढे चौकशी करावी. फॉर्मवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, आणि कोणता क्रमांक कुणाचा ही यादी फक्त समुपदेशक ताईंच्या कुलपात. त्या आमच्याकडे मंगळवारी येतात, म्हणून फॉर्म मंगळवारीच सकाळी भरायचे, त्यांनी दुपारपर्यंत सगळे पाहायचे आणि गरज वाटली तर त्याच दिवशी मुलाला बोलवायचं. हे संमतीपत्रात ठळक लिहिलं, म्हणजे कुणाची फसवणूक नको. खाली टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

एका तुकडीला चाचण्या आणि दुसरीला नाहीत, हा अन्याय नाही का, असंही विचारलं गेलं. त्याचं उत्तर सोपं निघालं: प्रकरणागणिक तुकड्यांची अदलाबदल.

मंजुरी आली आणि पुढचं सत्र नेहमीसारखं धावपळीत गेलं. गुण गेल्यावर खोकं माझ्या हाती आलं तर त्यात कोरे फॉर्म निघाले, आणि मला मनापासून बरं वाटलं. नकार देण्याची सोय खरोखर चालली होती. ते कुणाचे, मला माहीत नाही आणि विचारायचंही नाही.

चाचण्या झालेल्या प्रकरणांत मुलांनी सत्राअखेर बरं लिहिलं. प्रसन्नतेचा आकडा मात्र जिथल्या तिथे. मोकळ्या जागेत त्यांनी परीक्षेबद्दल थोडंच लिहिलं होतं. अडकलेली स्कॉलरशिप, संध्याकाळची शेवटची एसटी, मेसचे पैसे, हेच जास्त. पाच मिनिटांच्या चाचणीने ते सुटावं अशी अपेक्षाच भाबडी होती. आता कमिटीला अहवाल पाठवायचा आहे. त्यासोबत स्कॉलरशिपच्या अर्जांसाठी कॉलेजात मदतकक्ष हवा असं पत्र प्राचार्यांना दिलंय. त्यांनी ते अजून वाचलेलं नाही.