पंचांना ऐकू न आलेला आवाज

शाळेच्या सभागृहात व्यासपीठाच्या डाव्या भिंतीवर एक कृष्णधवल छायाचित्र आहे. आंतरशालेय क्रिकेट स्पर्धा जिंकलेल्या संघाचे ते छायाचित्र १९८० सालच्या जानेवारीत काढलेले असून मागच्या रांगेत उजवीकडून दुसरा उभा असलेला मुलगा मी आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवा असे मुख्याध्यापकांचे पत्र आले, तेव्हा सर्वप्रथम हे छायाचित्रच डोळ्यांसमोर आले. त्यामागची हकिगत आजवर तीनच माणसांना ठाऊक होती आणि त्यांतले एक आता प्रभूच्या घरी गेले आहेत. शाळेने मला दिलेल्या सगळ्या शिक्षणात मला सर्वांत मोलाचे वाटणारे शिक्षण त्या हकिगतीत असल्यामुळे ती या पानांत यावी असे मनापासून वाटते.

आमच्या काळी वसईत क्रिकेट वाडीवाडीत खेळले जाई. नारळाच्या झावळीच्या देठाची बॅट, विटांचे किंवा काठ्यांचे स्टंप आणि केळीच्या बागेपलीकडचे बावखल, म्हणजे वाडीतले छोटे तळे, हीच सीमारेषा. चेंडू बावखलात गेला की ज्याने मारला त्यानेच पाण्यात उतरायचे, हा नियम होता. शाळेत आल्यावर मात्र काथ्याची मॅट, खरे स्टंप आणि सीझन बॉल यांची ओळख झाली, आणि ती करून देणारे होते आमचे फादर. ते आम्हाला धर्मशिक्षण शिकवीत आणि संध्याकाळी पांढऱ्या झग्याच्या बाह्या वर सारून मैदानावर गोलंदाजीही करीत. त्यांच्या लेखी हे दोन तास वेगळे नव्हते. संत पौलाने तिमथ्याला लिहिलेले ‘धाव संपवली आहे, विश्वास राखला आहे’ हे शब्द ते वर्गात वाचत, तेव्हा क्रिकेटमधली धावही तीच, हे आम्हा मुलांना कुणी समजावून सांगावे लागत नसे. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचे समालोचन ऐकत वाढलेल्या आमच्या कानांना ‘धाव’ हा शब्द आधी मैदानावरचा वाटे आणि मग पवित्र शास्त्रातला. मराठीने ही दोन्ही अर्थांची सोय एकाच शब्दात करून ठेवली आहे, याचा मला अजूनही आनंद वाटतो.

फादरांच्या आवडीची एक गोष्ट चार्ल्स स्टड यांची होती. १८८२ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडला जिंकायला अवघ्या ८५ धावा हव्या होत्या. त्याच हंगामात ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध दोन शतके काढलेल्या स्टड यांना कर्णधाराने मागे मागे ठेवत दहाव्या क्रमांकावर पाठवले. ते खेळपट्टीवर पोहोचले, पण समोरच्या टोकाचे फलंदाज बाद झाले, आणि एकही चेंडू न खेळता स्टड शून्यावर नाबाद राहिले. इंग्लंड ७ धावांनी हरले. तीनच वर्षांनी, १८८५ मध्ये, हाच गाजलेला खेळाडू सर्व सोडून मिशनरी म्हणून चीनला गेला. वडिलांकडून आलेली संपत्ती त्याने वाटून टाकली. पुढे १९०० ते १९०६ अशी सहा वर्षे त्याने आपल्या देशात, उटकमंडला (उटीला) सेवा केली आणि अखेर आफ्रिकेत काँगोमध्ये देह ठेवला. फादर सांगत की देवाच्या राज्यात पुष्कळांच्या वाट्याला असे न खेळलेले चेंडू येतात. तयार होऊन, पॅड बांधून, दुसऱ्या टोकाला उभे राहणे हीदेखील आज्ञाधारकताच आहे. मला त्या वयात ही गोष्ट कंटाळवाणी वाटे. मला स्टड यांची शतके ऐकायची असत.

आता त्या अंतिम सामन्याकडे येतो. शेजारच्या गावातील शाळेशी आमची लढत होती. आमचे पाच गडी झटपट बाद झाल्यावर मी खेळायला गेलो. मी सहा-सात धावांवर असताना ऑफ स्टंपबाहेरच्या एका चेंडूने माझ्या बॅटची पुसटशी कड घेतली आणि तो यष्टीरक्षकाच्या हातात विसावला. त्याने दोन्ही हात उंचावून अपील केले. पंचांनी मान हलवली. त्यांची काहीच चूक नव्हती, कारण त्याच क्षणी मैदानाबाहेर आमच्या शाळेची पोरे ओरडत होती आणि तो आवाज फार बारीक होता. मी मात्र तो हातांच्या बोटांतून ऐकला होता. बॅटला चेंडू लागल्याचे फलंदाजाला कानांच्या आधी तळव्यांना कळते. मी मान खाली घालून मॅटची कडा बॅटने ठोकत राहिलो. त्यानंतर मी आणखी तीस-पस्तीस धावा केल्या, आम्ही दोन गडी राखून जिंकलो, मला खांद्यांवर उचलून घेतले गेले, आणि रविवारच्या मिस्सात आमच्या संघासाठी उपकारस्तुतीची प्रार्थना झाली. त्या प्रार्थनेला ‘आमेन’ म्हणणे मला जमले नाही.

पुढच्याच महिन्यात वानखेडे स्टेडियमवर भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना झाला. तो १५ फेब्रुवारीला सुरू झाला. १६ तारखेला सूर्यग्रहण असल्यामुळे त्या दिवशी खेळाला सुट्टी होती. गुंडाप्पा विश्वनाथ कर्णधार होते. इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८ अशी झाली असताना इयान बोथम आणि यष्टीरक्षक बॉब टेलर यांची जोडी जमली. टेलर यांना यष्टीमागे झेल दिल्याबद्दल पंचांनी बाद ठरवले, परंतु चेंडू बॅटला लागलेला नाही असे पहिल्या स्लिपमध्ये उभ्या असलेल्या विश्वनाथ यांचे मत होते. त्यांनी पंचांना निर्णय बदलण्याची विनंती केली आणि निघालेल्या टेलर यांना परत बोलावले. टेलर यांनी ४३ धावा केल्या. त्या जोडीने सहाव्या गड्यासाठी १७१ धावा जोडल्या. बोथम यांनी शतक तर ठोकलेच, पण सामन्यात १३ बळीही घेतले, आणि भारत १० गड्यांनी हरला. सामना १९ तारखेला मंगळवारी संपला. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, म्हणजे आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, होता.

त्या बुधवारी सकाळी कपाळावर राख घेऊन आम्ही वर्गात बसलो होतो. एका मुलाने विश्वनाथ यांच्यावर टीका केली की असे औदार्य दाखवून देशाचा सामना घालवण्यात काय अर्थ आहे. फादर थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “ज्याला क्षमा मिळते त्याला ती फुकट मिळते, पण जो क्षमा करतो त्याला तिची किंमत मोजावी लागते. तुम्ही क्रूसाकडे पाहता तेव्हा दुसरे काय पाहता?” एवढे बोलून त्यांनी पुस्तक उघडायला सांगितले. धर्मशिक्षणाचे पुष्कळ तास मी विसरलो, तो अर्ध्या मिनिटाचा तास मात्र विसरणे शक्य नाही. बाद नसलेल्या माणसाला परत बोलावण्यासाठी एका कर्णधाराने सामना पणाला लावला होता, आणि मी बाद असूनही उभा राहून सामना जिंकला होता. दोन्ही गोष्टी महिन्याभरात घडल्या होत्या.

शनिवारी मी पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली द्यायला, गेलो. जाळीपलीकडे फादरच होते. कर्णधाराने परत बोलावणे आणि देवाने परत बोलावणे यांत एक मोठा फरक आहे, हे मला तिथे कळले. टेलर बाद नव्हते. त्यांना मिळाला तो न्याय होता, मग तो देणाऱ्याला कितीही महाग पडो. मी बाद होतो, आणि तरीही मला ‘परत ये’ असे म्हटले जात होते. कृपा हा शब्द मी लहानपणापासून दिवसातून कितीतरी वेळा, ‘नमो मरिया, कृपापूर्णे’ म्हणताना, उच्चारत आलो होतो. त्याचा अर्थ त्या लाकडी जाळीशी गुडघे टेकून बसलो असताना मला पहिल्यांदा लागला. फादरांनी प्रायश्चित्त म्हणून थोड्या प्रार्थना दिल्या आणि जक्कयाची गोष्ट वाचायला सांगितली. त्या यष्टीरक्षकाला भेटावेसे वाटले तर भेट, असे त्यांनी सुचवले, पण सक्ती केली नाही. त्यानंतर शाळेतली दोन वर्षे आणि पुढे त्यांच्या अंतापर्यंत ते मला असंख्य वेळा भेटले, पण त्या गोष्टीचा साधा सुगावाही त्यांच्या बोलण्यात किंवा नजरेत कधी आला नाही. पापनिवेदनाचे गुपित पाळणे म्हणजे काय, हे मी त्यांच्या वागण्यातून शिकलो.

जक्कय झाडावरून उतरला आणि जे लुबाडले होते ते चौपट परत करतो म्हणाला. माझ्याकडे परत करण्याजोगे काहीच नव्हते, कारण चषक शाळेच्या कपाटात होता. तरीही दुसऱ्या आठवड्यात मी सायकल काढून शेजारच्या गावी गेलो. तो मुलगा वडिलांच्या वाडीत केळींना पाणी देत होता. मी जे सांगायचे ते सांगितले. त्याने दंडातले पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवले आणि म्हणाला, “मला माहीत आहे. तू मान खाली घातलीस तेव्हाच कळले.” मग थोड्या वेळाने, “आमच्या वर्गात मी सगळ्यांना सांगितले की लागला नव्हता. नाहीतर तुम्ही आमच्या शाळेत आलात की पोरांनी मारामारी केली असती.” मी टाळलेली किंमत या मुलाने माझ्या नकळत भरून टाकली होती. माझ्यासाठी तो खोटे बोलला याचे त्यालाही वाईट वाटत होते, हे पुढे मैत्री झाल्यावर त्यानेच सांगितले, आणि हा गुंता त्याने आपल्या पापनिवेदनात सोडवला. त्या दिवशी मात्र आम्ही दोघांनी मिळून उरलेल्या वाफ्यांना पाणी दिले.

आमच्या त्या मैत्रीमुळेच मला विजय हजारे यांच्या एका खेळीचे महत्त्व उमगले. हजारे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. मद्रासला १९५२ मध्ये भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हाचे कर्णधार. १९४३ मध्ये मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध ‘इतर’ म्हणजे ख्रिस्ती आदी उरलेल्या समाजांच्या संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या त्यांच्या होत्या. धर्मावरून संघ पाडणारी ती स्पर्धा बंद झाली हे फार चांगले झाले, आणि आपल्या समाजाचा मोठेपणा मोजायला मी ही खेळी सांगत नाही. मला त्या डावात दुसऱ्याच माणसाविषयी ओढ वाटते. विजय यांचे बंधू विवेक यांनी दुसरे टोक सांभाळले आणि दोघांनी ३०० धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांच्या धावा फक्त २१ होत्या. इतके करूनही संघ डावाने हरला. ‘एकमेकांची ओझी वाहा’ हे पौलाचे वाक्य वाचताना मला ते २१ धावांवरचे विवेक हजारे दिसतात, आणि वाफ्यात पाणी वळवणारा माझा मित्रही दिसतो. स्टड यांची गोष्ट मला तेव्हा का कंटाळवाणी वाटे, हेही आता कळते: मला दुसऱ्या टोकाला उभे राहायचेच नव्हते.

गेली अनेक वर्षे मी आमच्या धर्मग्रामातील स्पर्धांत पंच म्हणून उभा राहतो. संशयाचा फायदा फलंदाजाला द्यावा, हा या खेळातला मला सर्वांत प्रिय संकेत आहे. तो देताना पंचाला पुरावा मागता येतो, पण माणसाचे मन मागता येत नाही. ते पाहणारा एकच आहे, आणि त्याच्यापुढे संशयाचा फायदा घ्यायला जागाच नसते, तिथे फक्त दया मागायची असते. मुले कधी स्वतःहून निघून जातात, तेव्हा मी बोट वर करण्याआधी त्यांच्याकडे पाहून किंचित मान लववतो. त्यांना त्याचे कारण माहीत नाही.

पवित्र शास्त्रातील लेवीय पुस्तकात पन्नासाव्या वर्षाला योबेल म्हटले आहे. त्या वर्षी गेलेली जमीन मूळ धन्याला परत मिळे आणि दास मोकळे होत. आपल्या शाळेचे हे पन्नासावे वर्ष आहे. म्हणून मी मुख्याध्यापकांना भेटून विनंती केली की त्या छायाचित्राखालची ओळ तशीच राहू द्यावी, माझ्या सहकाऱ्यांनी तो सामना प्रामाणिकपणे खेळला होता. मात्र माझा भाग या स्मरणिकेत छापावा. त्यांनी मान्यता दिली. आमच्या संघातले जे आज हयात आहेत त्या प्रत्येकाला मी हा लेख छापण्याआधी वाचून दाखवला आहे.

महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी माजी विद्यार्थ्यांचा सामना ठेवला आहे. समोरचा संघ शेजारच्या गावातल्या त्याच शाळेचा असेल. माझ्या मित्राचे गुडघे आता दुखतात, तरी पहिली पाच षटके यष्टीमागे मीच उभा राहणार, असे त्याने कळवले आहे.