ते फुलपाखरू कुणाचं?

अमेरिकेतल्या 2000 सालच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या फ्लोरिडातल्या आठवणी आम्ही चारपाच जण रेकॉर्ड करतोय, संग्रहात ठेवायला. माझं काम ऐकायचं आणि मध्ये बोलायचं नाही. यातलं दुसरं मला जमत नाही, घरी विचारा.

तेव्हा मला मत नव्हतं, व्हिसावर होते. 7 नोव्हेंबरच्या रात्री टीव्हीवाल्यांनी राज्य आधी डेमोक्रॅटिक उमेदवार गोरना दिलं, मग काढून घेतलं, मध्यरात्रीनंतर रिपब्लिकन बुशना दिलं आणि पहाटे तेही काढून घेतलं. मला आठवतं ते इतकंच.

पाम बीच काउंटीतल्या एका बाईंनी मतपत्रिका टेबलावर बोटाने काढून दाखवली. नावं डाव्या पानावर, नावं उजव्या पानावर, मध्ये भोकांची एकच रांग. दोन पानं पंखांसारखी, म्हणून नाव बटरफ्लाय बॅलट, फुलपाखरू. गोर यांचं नाव डावीकडे दुसरं, पण भोक तिसरं. दुसरं भोक उजव्या पानावरच्या ब्युकॅनन यांचं, म्हणजे तिसऱ्याच पक्षाच्या उमेदवाराचं. "दाभणासारखी ती टोचणी खुपसली, बाहेर आले, गाडीची किल्ली फिरवली आणि पोटात गोळा आला." मग काय केलंत? "काही नाही. दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, गेले." त्या काउंटीत राष्ट्राध्यक्षपदासाठी एकाहून जास्त भोकं पडल्यामुळे 19 हजारांवर मतं बाद झाली आणि अख्ख्या राज्याचा निकाल 537 मतांनी बुश यांच्या बाजूने लागला, हे कुणीही शोधून काढील. दाताच्या डॉक्टरकडे गेलेल्या बाई मात्र आमच्याकडेच आहेत!

पंचाईत झाली गेल्या शनिवारी. शेजारच्या ब्रॉवर्ड काउंटीतले 82 वर्षांचे आजोबा. त्यांनीही तीच दोन पानी पत्रिका हुबेहूब वर्णन केली: बाण, गोंधळ, थरथरता हात. पण ब्रॉवर्डला कार्डाला भोकं पाडायची असली तरी ही दोन पानी मांडणी नव्हतीच. ती पाम बीचची. आजोबा काही थापा मारत नव्हते. 12 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येऊन फेरमोजणी संपेपर्यंत महिनाभर टीव्हीवर दुसरं होतं काय? ती पत्रिका, आणि उजेडाला कार्ड धरून, भोक अर्धवट पडल्याने लोंबत राहिलेला कपटा शोधणारे अधिकारी.

गटात वादावादी झाली. एकाचं म्हणणं, रेकॉर्डिंग काढूनच टाका. मी म्हटलं, त्यांच्या शब्दाला हात लावायचा नाही, टीप वेगळ्या कागदावर जोडा. अगदी तावातावाने म्हटलं. रात्री टीप लिहायला म्हणून ते पुन्हा ऐकलं, तर सुरुवातीलाच माझा आवाज: "त्या बटरफ्लाय बॅलटबद्दल सांगा ना."

टिपेत तेही लिहिलंय. रविवारी आजोबांकडे परत जाणार आहे. या वेळी प्रश्न एवढाच, की त्या मंगळवारी मतदानाला कुणाबरोबर गेला होतात.