आधी हवा, मग पंप

वडिलांनी बारा वर्षे कापूस आर्वीच्या बाजारात नेलेली जुनी डिझेल पिकअप चार पावसाळे गोठ्यामागे उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम मी दिवाळीनंतर हाती घेतले. इंजिन सुरू होई. मात्र रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी डिझेल ओढणारा छोटा हातपंप मारल्याशिवाय ते दाद देत नसे. एका मेकॅनिकने थेट इंजेक्शन पंप, म्हणजे इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा पंप, उघडायला सांगितले. तो खर्च मोठा असल्याने मी आधी फीडपंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) आणि फिल्टर यांच्यामध्ये हातभर पारदर्शक नळी जोडून पाहिली, तेव्हा डिझेलसोबत मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक सरकताना दिसले. म्हणजे इंजेक्शन पंप निर्दोष होता आणि टाकीकडून येणाऱ्या, उन्हाने तडकलेल्या रबरी नळीतून हवा आत शिरत होती. नळी बदलली, तांब्याचे वॉशर लाल होईपर्यंत तापवून थंड केले, कारण त्यामुळे ते मऊ होऊन पुन्हा नीट बसतात.

चाकातला ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरने मात्र दोनदा नागपूर दाखवले. पहिल्या खेपेला आणलेला बाहेरून हुबेहूब होता, पण त्याचा बोअर, म्हणजे आतला व्यास, लहान निघाला. तेव्हापासून मी जुना भाग पिशवीत आणि व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) खिशात ठेवूनच दुकानाची पायरी चढतो. पाट्याचे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, रबरी बुश भंगारातून घ्यावेत, असे एक शेजारी सुचवतात. रबराच्या बाबतीत मला ते मुळीच पटत नाही. सध्या मागच्या फाळक्याची कडी शोधतो आहे.