एएस/४०० वर मध्येच येणारे मेसेज कसे आवरले : माझा अनुभव

आमच्या कंपनीचं बिलिंग अन् डिस्पॅच (हिंगणा एमआयडीसी, नागपूर) अजूनही आयबीएमच्या मशीनवर (धंद्याच्या कामाचा मोठा कॉम्प्युटर) चालतं, नाव आता आयबीएम आय झालं तरी इथे सगळे एएस/४००च म्हणतात, १९८८ ला त्याच नावाने आलं होतं. मशीन दणकट आहे, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. वैताग होता तो मेसेजचा. बिलिंगच्या ताई पार्ट नंबर टाकून राहिल्या की मध्येच स्क्रीन गायब अन् समोर मेसेज, तुमचा जॉब (मशीनला दिलेलं काम) पूर्ण झाला, एंटर मारा, परत या, दोन ओळी टाका, पुन्हा तेच. महिनाअखेरीला रिपोर्ट भरपूर सबमिट होतात तेव्हा तर लोक न वाचताच एंटर मारत सुटायचे, आणि मला खरी काळजी याचीच होती, कारण त्या गर्दीत एखादा कामाचा मेसेजही निघून जातो.

माझ्या आधीच्या सरांनी एकदा सगळ्यांना होल्डवर टाकलं होतं, म्हणजे मेसेज आला तरी स्क्रीनवर काहीच कळवायचं नाही. शांतता झाली, पण मेसेज क्यूमध्ये (ते जमा होतात त्या रांगेत) पडून राहिले अन् कोणाला पत्ताच नाही. डिस्पॅचचा दादा फोनवर, "सर, गाडी गेटवर उभी हाये अन् प्रिंटर काही हलून नाही राहिला." रायटरचं (प्रिंटरला छपाई पाठवणाऱ्या प्रोग्रामचं) स्टेटस पाहिलं तर एमएसजीडब्ल्यू, म्हणजे मशीन उत्तराची वाट पाहत बसलेलं. म्हणून परत सगळ्यांना ब्रेकवर आणलं होतं, म्हणजे मेसेज आला की काम थांबवून लगेच समोर.

मी प्रोफाईल (प्रत्येक यूजरच्या सेटिंग) उघडून पाहिले तर सगळीकडे डिलिव्हरी ब्रेक, सिव्हिअरिटी (मेसेज किती गंभीर त्याचा आकडा, ०० ते ९९) ००. म्हणजे बारीकसारीक काहीही आलं तरी स्क्रीन तोडणार. इथेच किल्ली आहे. जॉब नीट संपल्याचा मेसेज ०० सिव्हिअरिटीचा असतो, कोणी सेंड मेसेज कमांडने पाठवलेला ८० चा, अन् प्रिंटर फॉर्म बदला म्हणून विचारतो तो ९९ चा. मग बिलिंगवाल्यांना चेंज यूजर प्रोफाईल कमांडने नोटिफाय (स्क्रीन न तोडता फक्त खूण) अन् सिव्हिअरिटी १० दिली. आता नीट संपलेल्या जॉबचा आवाज नाही, त्यावरचं काही आलं की खाली एमडब्ल्यू (मेसेज वेटिंग) दिसतं अन् बीप वाजतो, हातातली ओळ पूर्ण करून निवांत बघायचं. नुसतं चेंज मेसेज क्यू कमांड मारली तर ते त्या साईन-ऑनपुरतंच राहतं, कायमचं हवं तर प्रोफाईलमध्येच करा.

प्रिंटरचा भाग जास्त नाजूक निघाला. सीपीए ३३९४, म्हणजे अमुक फॉर्म टाइप लोड करा, हा आमचा रोजचा मेसेज. एकाने सुचवलं की सिस्टीम रिप्लाय लिस्टमध्ये (ठरावीक मेसेजला ठरलेलं उत्तर देणारी यादी) टाकून आपोआप 'जी' (G) हे उत्तर देऊ. मी स्पष्ट नाही म्हटलं. 'जी' म्हणजे छपाई सुरू कर, मग जो कागद लावलाय त्यावरच छापणार, अन् आमचं चलान छापील स्टेशनरीवर जातं, तिथे साधा कागद लागलेला असेल तर पूर्ण गठ्ठा वाया. हा प्रश्न प्रिंटरजवळ उभ्या असलेल्या माणसालाच विचारला गेला पाहिजे. मग प्रिंटरच्या डिव्हाईस डिस्क्रिप्शनमध्ये मेसेज क्यू क्यूसिसओपीआर (सिस्टीम ऑपरेटरची क्यू) होती ती बदलून डिस्पॅचची वेगळी क्यू दिली, रायटर बंद करून पुन्हा चालू केला, आणि डिस्पॅचच्या इनिशियल प्रोग्राममध्ये (साईन-ऑन होताच आपोआप चालणारा) ती क्यू ब्रेकवर घेतली. दादासमोर मेसेज धाडकन येतो, तो कागद बदलतो, उत्तर देतो, झालं.

पण एक क्यू एका वेळी एकाच जॉबकडे ब्रेकमध्ये राहू शकते, हे लक्षात ठेवा. सकाळच्या शिफ्टवाला साईन-ऑफ न करता चहाला गेला की दुसऱ्याला सीपीएफ २४५१ हा एरर येतो, क्यू दुसऱ्या जॉबकडे आहे म्हणून. तेव्हा वर्क ऑब्जेक्ट लॉक कमांडने कोणी धरून ठेवलीय ते दिसतं. प्रोग्राममध्ये तो एरर पकडून स्क्रीनवर सरळ मराठीत रोमन अक्षरांत लिहिलंय की आधीच्याला साईन-ऑफ करायला सांगा, आणि आता शिफ्ट बदलताना ते आपापसातच सांगून राहिलेत, मला फोन येत नाही.

सेंड ब्रेक मेसेज या कमांडने पाठवलेला मेसेज मात्र क्यू होल्डवर असली तरी स्क्रीन तोडतो, तो आम्ही फक्त संध्याकाळच्या बॅकअपआधी साईन-ऑफ करा सांगायला ठेवलाय.