गेलं म्हणजे कुठपर्यंत गेलं?

लाईट जाते, पाणी जातं, रेंज जाते, तसं नेटही जातं. त्यातल्या त्यात लाईटचा स्वभाव सरळ: असते किंवा नसते. नेट मात्र अर्धवट जातं. फोटो येतात पण व्हिडिओ अडतो, एक संकेतस्थळ झटकन उघडतं आणि शेजारच्या टॅबमध्ये चक्र नुसतं गरगरत राहतं. घरातल्यांचं निदान मात्र दर वेळी एकच. गेलं.

लिनक्सवाल्याला, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स ही खुली प्रणाली वापरणाऱ्याला, एवढ्यावर भागत नाही. गेलं म्हणजे कुठपर्यंत गेलं? वायरपर्यंत, राउटरपर्यंत, की पार पलीकडे? टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, विचारलं तर लिनक्स बरंच नेमकं सांगतं. न विचारता मात्र चकार शब्द काढत नाही.

जोडणी नवी असताना लिनक्सला खरं तर काहीच करावं लागत नाही. राउटरची वायर लॅपटॉपला लावायची. नेटवर्कमॅनेजर हा जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम डीएचसीपीने, म्हणजे पत्ते वाटायच्या ठरलेल्या पद्धतीने, राउटरकडून पत्ता मागून घेतो आणि दोन-चार सेकंदांत काम होतं. तरी हेल्पलाइनवर ‘लिनक्स आहे’ म्हटलं की पलीकडे शांतता पसरते आणि मग ‘आम्ही लिनक्सला सपोर्ट देत नाही’ असं उत्तर येतं. गंमत अशी की भिंतीवर लुकलुकणाऱ्या त्या डब्यातही बहुधा लिनक्सच चालू असतं. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर २००२च्या अखेरीस आला, त्याच्या आत लिनक्स आहे हे लोकांनी हुडकून काढलं आणि कंपनीला त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला. ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरसाठीचं खुलं लिनक्स, त्यातूनच उभं राहिलं.

शोध जवळून लांब करत जावा. पहिली पायरी डोळ्यांची. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ नावाचा दिवा लाल असेल तर संगणकाला हातही लावू नका. उजेडच पोचत नाहीये. ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर हवा. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या डब्याच्या पानावर उजेडाची मोजणीही दिसते, डीबीएम या एककात, आणि ती उणे असते म्हणून लोक गोंधळतात. शून्य म्हणजे एक मिलिवॅट, उणे २० म्हणजे त्याचा शंभरावा भाग, उणे २७ म्हणजे जेमतेम पाचशेवा. घरोघरच्या नेहमीच्या फायबर जोडणीत (तिचं नाव जीपॉन) उणे ८ ते उणे २७ एवढीच मर्यादा असते. आकडा काल उणे १९ होता आणि आज उणे २६ झालाय, तर कपाटामागे फायबर दुमडली गेलीय का ते बघा. काचेची तार आहे ती, सुतळी नव्हे. आणि हिरवी पिन हिरव्याच खोबणीत जाते. तिचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं; निळ्या पिनेचं तसं नसतं. दोन्ही एकमेकींत बसतात, हीच अडचण आहे. मधल्या फटीत उजेड सांडतो आणि टोकंही खराब होतात. टोक डोळ्यासमोर धरून आत डोकावायचं तर मुळीच नाही. तो उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

दुसरी पायरी वायरची. इथे एक आकडा पाठच करावा: १००. तीनशेचा प्लॅन आणि वेग जेमतेम पंच्याण्णव, असं झालं की लोक कंपनीला बोल लावतात. आधी ‘ईथटूल’ या आज्ञेला इंटरफेसचं, म्हणजे नेटवर्क कार्डाचं, नाव देऊन विचारा. ‘स्पीड’समोर १००० ऐवजी १०० दिसले तर दोष बहुतेक तुमच्याच टेबलाखाली आहे. वायरीत आठ तारा असतात. हजार एमबीपीएसला आठही लागतात, शंभरला चारच पुरतात: पिन १, २, ३ आणि ६. उरलेल्यांतली एखादी तुटली की बरीच नेटवर्क कार्डं गुपचूप शंभरवर उतरतात. दिवा लुकलुकतोच, नेट चालतंच, कोणी तक्रार करत नाही. प्लगच्या पारदर्शक प्लॅस्टिकमधून भिंगाने पाहिलं तर कळतं: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. यातली एखादी तार पितळी दातापर्यंत पोचलेलीच नसते, अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबलेली असते.

वायफायचं थोडक्यात. लॅपटॉपला वायफायच दिसत नसेल तर आधी ‘आरएफकिल लिस्ट’. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ असेल तर एका आज्ञेत सुटतं, ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर कुठेतरी बटण किंवा कळ आहे, ती शोधा. दोन्ही नसेल तर बहुधा फर्मवेअरचं, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामचं, पॅकेज राहिलंय. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक ठेवा. मधला ३ किंवा ८ निवडणारा स्वतःलाही त्रास करून घेतो आणि शेजाऱ्यालाही देतो. तपासणी करताना मात्र वायफाय बाजूला ठेवून वायर लावा. एका वेळी एकच संशयित.

आता पत्ता. ‘आयपी ए’ टाइप करा. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर यंत्राने हाक मारली, कोणी ओ दिली नाही, म्हणून त्याने स्वतःच स्वतःला पत्ता देऊन टाकलाय. त्या पत्त्याने घराबाहेर जाता येत नाही. पत्ताच नसेल तर ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ बघा. तिथे ‘अनमॅनेज्ड’ असेल तर डेबियन या लिनक्सवर एक जुना सापळा आहे: ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये त्या कार्डाचं नाव लिहिलेलं असलं की नेटवर्कमॅनेजर त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ती ओळ काढायची आणि सेवा पुन्हा सुरू करायची.

पत्ता आहे, मग पिंग, म्हणजे नुसती हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. माइक म्यूसने डिसेंबर १९८३मध्ये लिहिलेला हा छोटासा प्रोग्राम, नाव पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून. आधी राउटरला पिंग, म्हणजे ‘आयपी रूट’मध्ये ‘डिफॉल्ट’समोर जो पत्ता दिसतो त्याला. मग १.१.१.१ ला, म्हणजे बाहेरच्या एका सार्वजनिक सर्व्हरला. मग एखाद्या नावाला. पहिला अडला तर भानगड घरात, दुसरा अडला तर राउटरच्या पलीकडे, आणि फक्त तिसरा अडला तर नेट गेलेलंच नाही, पत्त्यांची वही हरवलीय.

संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणाऱ्या त्या वहीचं नाव डीएनएस. तिच्या सेटिंगची ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ फाइल उघडली की लिनक्सच्या बऱ्याच वितरणांत (आवृत्त्यांत) १२७.०.०.५३ दिसतं आणि लोक दचकतात. दचकू नका, तो सिस्टिमडीचा, म्हणजे लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा, घरातलाच निरोप्या आहे, खरे सर्व्हर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’मध्ये दिसतात. फाइल हाताने बदललीत तर पुढच्या जोडणीला बदल पुसला जाईल, आणि तसं त्या फाइलच्या माथ्यावर लिहिलेलंही असतं. काही जण चिडून फाइल बदलताच येऊ नये म्हणून तिला ‘चॅटर’ या आज्ञेचं कुलूप घालतात. करू नये. सहा महिन्यांनी कुलूप विसरलेलं असतं. सर्व्हर बदलायचाच तर नेटवर्कमॅनेजरमध्ये त्या जोडणीच्याच सेटिंगमध्ये बदला.

काही कंपन्या यूझरनेम आणि पासवर्ड देतात. ती पीपीपीओई जोडणी. बहुधा राउटरच ती करतो, पण डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नुसता पूल म्हणून, ठेवून लिनक्सकडूनही करता येते. ‘पीपीपी’ पॅकेज हवं आणि नेटवर्कमॅनेजरमध्ये डीएसएल प्रकारची नवी जोडणी. फायबर असली तरी नाव डीएसएलच, त्याला इलाज नाही. आत घडतं ते दारावरच्या संवादासारखं. यंत्र ओरडतं, ‘कोणी आहे का?’ उत्तर येतं, ‘मी आहे.’ ‘मग मला घ्या.’ ‘घेतलं, हा तुमचा क्रमांक.’ जर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नोंदवहीत, ‘पाडो’ पॅकेटची (त्या ‘मी आहे’ उत्तराची) वाट पाहून वेळ संपल्याची ओळ दिसली तर पहिल्याच हाकेला कोणी उत्तर दिलेलं नाही: तार, ब्रिज किंवा व्हीलॅनचा (कंपनीने वायरीवर आखून दिलेल्या आभासी वाटेचा) क्रमांक तपासा, पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करून काही होणार नाही. उलट ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ आलं तर दार उघडलंय, ओळख पटलेली नाही. पासवर्ड बरोबर असूनही हे होऊ शकतं, कारण कधी कधी कंपनीने जुन्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा क्रमांक, बांधून ठेवलेला असतो. तो सोडवून घ्या किंवा नव्या यंत्रावर तोच पत्ता लावा.

पीपीपीओईचा खरा त्रास निराळाच, आणि सगळ्यांत जास्त वेळ तोच खातो. पिंग चालतं, नावं सापडतात, काही संकेतस्थळं उघडतात आणि काही उघडता उघडता गोठतात. दोष आठ बाइटचा असतो. इथरनेटच्या, म्हणजे वायरीच्या जोडणीच्या, एका पॅकेटला (माहितीच्या एका पेटीला) १५०० बाइटची जागा. त्यातले सहा बाइट पीपीपीओईच्या शीर्षकाला आणि दोन पीपीपीला. उरले १४९२. पण लॅपटॉपला आणि पलीकडच्या सर्व्हरला ते ठाऊक नसतं, ते १५००चीच पेटी भरतात. पेटी दारात अडते. अशा वेळी अडवणाऱ्याने ‘लहान करून पाठवा’ असा निरोप मागे द्यायचा असतो, पण सुरक्षेच्या नावाखाली वाटेतल्या कुणीतरी असे निरोप नेणारं आयसीएमपीच बंद केलेलं असतं. निरोप पोचत नाही, पेटी पुन्हा येते, पुन्हा अडते. छोटी पॅकेटं सुखरूप जातात, म्हणून पिंग आनंदात. सुरक्षित जोडणीत सर्व्हर आपलं प्रमाणपत्र पाठवतो तेव्हा पहिल्यांदा मोठी पेटी येते, आणि गाडं नेमकं तिथे अडतं.

खात्री करायला ही ओळ:

पिंग -एम डू -एस १४६४ १.१.१.१

‘-एम डू’ (इंग्रजी एम मोठा, एस लहान) म्हणजे तुकडे करायचे नाहीत. १४६४मध्ये शीर्षकांचे २८ मिळवले की १४९२. हे गेलं आणि १४६५ अडलं, तर चोर सापडला. तेही अडलं तर दहा-दहाने खाली उतरत जिथे जाईल तो आकडा धरा आणि त्यात २८ मिळवा. एका लॅपटॉपपुरता उपाय म्हणजे त्याच्या जोडणीचं एमटीयू, म्हणजे पेटीचं कमाल माप, तेवढं ठेवणं. लिनक्सच राउटर असेल तर आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमध्ये, ‘टीसीपीएमएसएस’चा नियम लावून एमएसएस (शीर्षकं वगळून पेटीत मावणारा माल) वाटेच्या मापाला आवळा, १४९२ला तो १४५२ होतो. मग घरातल्या टीव्हीला, फोनला वेगळं काही सांगावं लागत नाही.

वेगाची भांडणं बहुतेक वेळा एककाची असतात. शंभर एमबीपीएसमध्ये बी म्हणजे बिट. डाउनलोडची खिडकी बाइट दाखवते. आठाने भागा, साडेबाराच्या वर जाणारच नाही. वेग पुरेसा असून कॉल तुटत असेल तर एकीकडे मोठी फाइल अपलोडला लावून दुसरीकडे पिंग चालू ठेवा. वीस मिलिसेकंदांचे चारशे झाले तर राउटरच्या रांगेत पॅकेटं तुंबताहेत. राउटरमध्ये ‘एफक्यू-कोडेल’ किंवा ‘केक’ या रांगेला शिस्त लावणाऱ्या पद्धतींची सोय असेल तर ती चालू करून वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या नव्वद टक्क्यांवर ठेवावी. थोडा वेग जातो, कॉल राहतो.

एवढं सगळं टिपून हेल्पलाइनला फोन केला तरी पहिला सल्ला ठरलेला: राउटर बंद करून चालू करा. त्याला हसू नये. त्याने राउटरमधले जोडण्यांचे तुंबलेले तक्ते रिकामे होतात, नवा पत्ता मिळतो. फक्त बटण खटकन बंद करून लगेच चालू करू नका. वीज अचानक तोडली की राउटरला ‘निघतो’ म्हणायला वेळच मिळत नाही. पलीकडच्या सर्व्हरला जुनं सत्र जिवंतच वाटतं आणि नव्याला तो आत घेत नाही. दोन-तीन मिनिटं थांबा. आणि बटणाकडे हात जाण्याआधी राउटरच्या लॉगचं पान उघडून शेवटच्या वीस ओळी उतरवून घ्या. बहुतेक राउटर तो लॉग रॅममध्येच ठेवतात. लाईट गेली की तोही गेला.